खात्री आहे?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी कपाटे रिकामी करण्याचा एक सोहळा होतो. मी जुन्या मासिकांचा एखादा गठ्ठा रद्दीकडे सरकवला की सौ. विचारते, "अहो, नक्की द्यायचं ना?" या प्रश्नाला मी गेली कित्येक वर्षे मान वर न करता "हो" म्हणत आलो आहे. एका वर्षी त्या गठ्ठ्यातून विजेच्या बिलाची पावती गेली, एका वर्षी माझ्याच एका व्याख्यानाची टिपणे गेली. पण माझा "हो" काही सुधारला नाही. प्रश्न रोजचा झाला की कान तो ऐकायचे सोडून देतात आणि तोंड परस्पर उत्तर देऊन मोकळे होते. माझ्या या खोडीची खरी किंमत मात्र मला गेल्या मार्चमध्ये मोजावी लागली, आणि ती वसूल केली संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या एका वीतभर चौकटीने.

ही चौकट आपण सर्वांनीच पाहिलेली आहे. काम ऐन रंगात आलेले असते आणि ती मध्येच उभी राहते. डाव्या बाजूला एखादे चिन्ह, शेजारी एक वाक्य, खाली दोन-तीन बटणे. तिला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिला टाळून मागच्या कागदावर क्लिक करावे, तर 'टुंग' असा आवाज होतो आणि कागद ढिम्म हलत नाही. लहानपणी धाकटी बहीण दारात दोन्ही हात आडवे लावून उभी राहायची आणि "आधी मला पेरू दे, मग जा" म्हणायची, तसा हा प्रकार.

माझ्या भाच्याने मला महाविद्यालयातल्या कामासाठी गुणांचा एक तक्ता तयार करून दिला होता. तो अभियांत्रिकीला आहे आणि मामावर उपकार करण्याची संधी सहसा सोडत नाही. तक्त्याच्या माथ्यावर त्याने बटणे बसवली होती : 'क्रम लावा', 'छापा', 'नवा वर्ग'. यातले शेवटचे दाबले की आधीचे सगळे गुण पुसले जाऊन तक्ता कोरा होई. कोणतेही बटण दाबले तरी एकच चौकट पुढे येई आणि विचारी, "आर यू शुअर?" क्रम लावायचा तरी शुअर, छापायचे तरी शुअर. दोन महिन्यांत मी तिला शंभरेक वेळा तरी "होय" म्हटले असेन. पुढे पुढे तर मी वाचतही नसे; चौकट दिसली की करंगळी आपोआप एंटरवर पडे.

त्या संध्याकाळी मला गुणपत्रक छापायचे होते. बोट शेजारच्या बटणावर पडले. चौकट आली. करंगळीने आपले काम केले. ७२ विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षेचे गुण डोळ्यांदेखत नाहीसे झाले. केलेली गोष्ट मागे घेण्याची एक युक्ती असते, ती मी करून पाहिली. पण असा छोटा प्रोग्राम जे करतो ते त्या युक्तीने परत येत नाही, हे मला तेव्हा कळले. शिवाय तक्ता कोरा झाल्यावर तो लगेच जतन करून ठेवण्याची दक्षताही भाच्याने घेतलेली होती! लेखी परीक्षेचे पेपर निदान कपाटात असतात. तोंडी परीक्षेचा पुरावा हवेत विरून जातो. आणि कागदावर गुण टिपण्याची जुनी सवय मी त्याच वर्षी मोठ्या अभिमानाने सोडली होती.

रात्री भाचा आला. त्याने प्रोग्रामचे पोट उघडले आणि मला आत बोलावले. "हे बघ मामा, चूक एका आकड्याची आहे."

मग त्याने जे सांगितले ते व्याकरणाच्या मास्तराला चांगलेच रुचले. ही चौकट काढायला प्रोग्राम लिहिणाऱ्याला काही चित्र काढावे लागत नाही. १९८५ साली विंडोज बाजारात आली तेव्हापासून त्यासाठी एक तयार आज्ञा आहे, मेसेजबॉक्स नावाची. तिला वाक्य द्यायचे, मथळा द्यायचा आणि एक आकडा द्यायचा. बाकी सारे त्या आकड्यात. ० दिला तर नुसते 'ओके'चे बटण, १ दिला तर 'ओके' आणि 'कॅन्सल', ४ दिला तर 'होय' आणि 'नाही'. त्यात १६ मिळवले की तांबडी फुली, ३२ मिळवले की प्रश्नचिन्ह, ४८ मिळवले की पिवळ्या त्रिकोणातले उद्गारचिन्ह, ६४ मिळवले की माहितीचे चिन्ह. यांपैकी प्रश्नचिन्ह आता वापरू नये असे खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते, कारण मदतीच्या खुणेशी त्याचा घोटाळा होतो. आपण बटण दाबले की प्रोग्रामला आपला शब्द ऐकू जात नाही. त्याच्या हातात फक्त एक आकडा पडतो. 'ओके'चा १, 'कॅन्सल'चा २, 'होय'चा ६, 'नाही'चा ७. माझ्या ७२ मुलांचे वर्षभराचे बोलणे एका सहाने पुसले होते.

"आणि ही बघ गोम," भाचा म्हणाला. "नुसतं एंटर दाबलं की पहिलं बटण दाबल्यासारखं होतं. पहिलं बटण 'होय'चं. मी २५६ मिळवायला विसरलो. ते मिळवले असते तर एंटरचा अर्थ 'नाही' झाला असता."

म्हणजे ४, ४८ आणि २५६ मिळून ३०८ लिहायचे, तेथे त्याने नुसते ४ लिहिले होते. मी त्याच्यावर रागावणार होतो. पण बटण न पाहता दाबणारा आणि वाक्य न वाचता उत्तर देणारा मीच होतो. त्याने तरी निदान प्रश्न विचारला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहून मी सारे सांगून टाकले. चूक माझी आहे, परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल, आणि मी त्या वेळी सांगितलेले गुण ज्यांना आठवत असतील त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून द्यावेत, असे म्हटले. चिठ्ठ्या आल्या. खरे सांगतो, मी मनात धरले होते की सारा वर्ग दहापैकी नऊचा निघणार. तसे बरेच निघालेही. पण शेवटच्या बाकावरच्या एका मुलाच्या चिठ्ठीवर '३' होते. मला आठवत होते, मी त्याला तीनच दिले होते. माझ्या चुकीचा फायदा घेण्याची त्याला पुरेपूर संधी होती; त्याने ती घेतली नाही. मी चिठ्ठ्या खणात ठेवल्या, विभागप्रमुखांची परवानगी काढली आणि चार दिवस बसून सर्वांची परीक्षा पुन्हा घेतली. तो मुलगा तयारी करून आला होता. त्याने सहा मिळवले.

या प्रकरणानंतर मला या चौकटींच्या भाषेचा नाद लागला. या बटणांवरच्या शब्दांमागेही इतिहास आहे. ॲपल कंपनीचा लिसा नावाचा संगणक १९८३ साली बाजारात आला. तो घडत असताना चौकटीतल्या होकाराच्या बटणावर 'डू इट' म्हणजे 'कर' असे दोन शब्द होते. परीक्षेसाठी बसवलेला एक गृहस्थ ते बटण टाळू लागला आणि चिडू लागला. विचारपूस केली तेव्हा कळले, दोन शब्दांमधली फट न दिसल्यामुळे तो ते 'डोल्ट' असे वाचत होता. डोल्ट म्हणजे मठ्ठ! हे यंत्र आपल्याला मठ्ठ म्हणते असे त्याला वाटले. त्यानंतर तेथे 'ओके' आले. त्याच कंपनीत लॅरी टेस्लर नावाचे तज्ज्ञ होते. ते २०२० साली वारले. माणसाला असे एका अवस्थेत कोंडून ठेवणाऱ्या यंत्रांवर त्यांचा इतका राग, की त्यांनी आपल्या मोटारीच्या पाटीवर 'नो मोड्स' असे लिहून घेतले होते.

आपल्या मराठीत तर या चौकटींची आणखी एक मौज आहे. "बदल जतन करायचे नाहीत का?" असे विचारले तर "हो" म्हणजे काय? "हो, करायचे" की "हो, नाही करायचे"? घरात बोलताना आपण आवाजाने आणि मानेने हा घोटाळा सोडवतो. चौकटीला ना आवाज, ना मान. "काम रद्द करायचे?" असे विचारून खाली 'ठीक' आणि 'रद्द' अशी दोन बटणे ठेवली, तर रद्द करण्यासाठी 'ठीक' म्हणायचे आणि रद्द न करण्यासाठी 'रद्द' म्हणायचे! म्हणून बटणावर 'होय-नाही' न ठेवता क्रियापद ठेवावे, असे ॲपलच्या नियमांत आहे. 'पुसा' आणि 'राहू द्या'. वाक्याचा जीव क्रियापदात असतो हे मी वर्गात ओरडून सांगतो, ते त्या लोकांनी किती सहज ओळखले!

मी भाच्याला नवे वाक्य लिहून दिले : "या वर्गातील ७२ विद्यार्थ्यांचे तोंडी परीक्षेचे गुण कायमचे पुसले जातील." त्याने ते चढवले, आणि चौकटीत प्रश्नचिन्हांची रांगच्या रांग उभी राहिली. कारणही कळले. मेसेजबॉक्स ही एक नसून जुळ्या बहिणी आहेत. एकीला जुन्या लहान अक्षरकोष्टकांतलीच अक्षरे कळतात आणि देवनागरीला त्यांत जागा नाही. दुसरीला युनिकोड कळतो, ज्यात आपला 'अ' २३०९ क्रमांकावर बसला आहे. भाच्याने दुसरीला हाक मारली आणि मराठी स्वच्छ उमटले.

तरीही तो विचारात पडलेला दिसला. शेवटी म्हणाला, "मामा, पुसण्याआधी सगळे गुण दुसऱ्या पानावर उतरवून ठेवले, तर विचारायचंच कशाला?"

खरेच होते ते. जे परत आणता येते त्यासाठी माणसाला दारात अडवू नये. आता क्रम लावताना, छापताना, नवा वर्ग उघडताना काहीही विचारले जात नाही. ती चौकट वर्षातून एकदाच येते, जुनी पाने कायमची काढून टाकताना; आणि ती आली की करंगळी थबकते.

हे सारे मी घरी रंगवून सांगितले होते. त्याचा परिणाम या दिवाळीत दिसला. मी नेहमीप्रमाणे एक गठ्ठा सरकवला. सौ.ने तो सोडला, चाळला आणि म्हणाली, "यात मामंजींची हिशेबाची वही आहे. ती देऊन टाकू?"

मी मान वर केली आणि हात पुढे केला.