रोपवाटिका आणि दानत



ऊस रोपवाटिका काढायची म्हणून तरुण सभासद आमच्याकडे येतात. ट्रे, कोकोपीट, शेडनेटचा हिशेब विचारतात. आम्ही म्हणतो, आधी दानतीचा हिशेब घाला. बेणेमळ्यातले ९ ते ११ महिन्यांचे निरोगी बेणे विकत घ्यावे लागते. खोडव्याचे डोळे घरचेच, फुकटात. पण गवताळ वाढ नि काणी पसरते ती अशाच बेण्यातून. ट्रेमधल्या रोपावर रोग बहुधा दिसत नाही, म्हणून तर विकणाऱ्याची परीक्षा! फसतो तो आपलाच भाऊबंद. त्याची लागण जाते, खोडवाही जातो. शंकेचे बेणे सरळ नाकारा, एखादा हंगाम कमी कमवा. जे रोप स्वतःच्या रानात लावणार नाही, ते दुसऱ्याला विकू नका. गावातला धंदा शब्दावर चालतो.