मूठ सव्वा लाखाची

मोबाइलचं कव्हर निवडायला आपण अख्खा लंच टाइम घालवतो. बाइकच्या सीटसाठी तर दोन वीकएण्ड. मग माझ्या मामीने जुन्या रिव्हॉल्व्हरची मूठ निवडायला तीन महिने घेतले, तर हसायचं कशाला?

मामी चिंचणीला वाडीत राहते, एकटी. बोईसरला उतरायचं, तारापूर एमआयडीसी मागे टाकायची आणि समुद्राच्या दिशेने निघायचं. मामा गेल्यावर त्यांचं .32 बोअरचं वेब्ली अँड स्कॉट पोलिस ठाण्यात जमा झालं. 2016च्या शस्त्र नियमांप्रमाणे वारसाला त्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. मामेभाऊ फोनवर म्हणत होता, 'आई, विकून टाक.' मामीने अर्ज केला! पालघरला कलेक्टर ऑफिसात खेटे, पोलिस व्हेरिफिकेशन, शस्त्र हाताळायचं ट्रेनिंग... वय वर्षं चौसष्ट. वर्षभराने रिव्हॉल्व्हर घरी आलं. मुठीची एक फळी तडकलेली, आणि मूठ मामीच्या हाताला भलतीच मोठी.

मूठ म्हणजे तशी साधी गोष्ट. लोखंडी सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना दोन फळ्या आणि त्यांना धरून ठेवणारा एक आडवा स्क्रू. मामाच्या मुठीच्या फळ्या कडक काळ्या रबराच्या होत्या. मामीला लाकडाच्या हव्या होत्या. आता लाकूड कुठलं?

पहिला सल्ला अर्थातच साग. पालघरच्या जंगलात सागाला काय तोटा! अंगचं तेल असल्यामुळे तो दमट हवेतही फारसा वाकत-फुगत नाही. पण त्याचे रेषे जाडे. त्यावर बारीक जाळीचं कोरीवकाम करायला गेलं की टोकं उडतात. अक्रोड म्हणजे बंदुकीच्या दस्त्यांचा राजा. जगभर तोच वापरतात. वजनाला बेताचा, धक्का सोसणारा, पण आपल्याकडे चांगला वाळलेला तुकडा मिळेपर्यंत वाट बघा. तिसरा शिसव. घट्ट, जड, काळपट, बारीक काम झेलणारा. आणि गंमत म्हणजे तो घरातच होता. मोडक्या पलंगाचा पाय! इतकी वर्षं वाळलेलं लाकूड विकत कुठे मिळणार?

कारागीरही ओळखीतलाच निघाला. फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवणारा. लाकडात मिलिमीटरचा हिशेब ठेवायची सवय असलेला माणूस. मात्र इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. शस्त्र सुताराच्या हातात द्यायचं नाही. शस्त्राची दुरुस्ती करायलाही सरकारी परवाना लागतो. त्यामुळे मुंबईच्या परवानाधारक दुकानात जुन्या फळ्या उतरवून घेतल्या. सुताराकडे गेल्या त्या फक्त दोन फळ्या. नव्या फळ्या बसवल्या तेही दुकानातच.

सुताराने मामीचा हात मागितला. कणकेचा गोळा मुठीत दाबायला लावून ठसा घेतला. अंगठ्याच्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं अंतर मोजलं. मूठ जाड झाली की बोट चापापर्यंत पोचत नाही, मग आपण मनगट वळवतो आणि नेम गेलाच. फार बारीक झाली की हातात फिरते. सगळं मोजून झाल्यावर त्याने सहज विचारलं, 'काकू, वापरायचंय की ठेवायचंय?'

मामी गप्प. प्रश्न लाकडाचा नव्हताच ना! ठेवायचं असेल तर मामाच्या हाताने गुळगुळीत झालेली ती काळी मूठच बरी. तडा गेला तर गेला. वापरायचं असेल तर मामाचा हात बाजूला ठेवून स्वतःचा पुढे करायला हवा. तीन महिने गेले ते इथे.

मी आपला शहरी फंडा मांडला. 'मामी, हे देऊन टाक, निर्भीक घे.' कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने 2014मध्ये खास बायकांसाठी म्हणून आणलेलं रिव्हॉल्व्हर. वजन सुमारे 500 ग्रॅम, तेव्हाची किंमत जवळजवळ सव्वा लाख, वर दागिन्यांसारखी मरून डबी.

'झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती हीच होय गं?' मामी म्हणाली. 'मला डबी नको. धरता येईल असं काहीतरी हवंय.'

म्हणजे वापरायचंच ठरलं. फळ्या पातळ केल्या. नक्षी नाही, चकाकी नाही, नुसतं जवसाचं तेल. तेही आतल्या बाजूने आधी, कारण खाऱ्या हवेत लाकडामागे ओल साठते आणि वरून मूठ झकास दिसत असताना आत लोखंड गंजतं. स्क्रू बेताचाच आवळायचा, नाहीतर नवी फळीही तडकायची. आणि जुन्या फळ्या टाकायच्या नाहीत. मामीने त्या मामाच्या चष्म्याच्या डबीत ठेवल्या आहेत.

आता ती वाडीत शांत झोपते म्हणे. रिव्हॉल्व्हर कपाटात कुलपात, गोळ्या दुसऱ्या कपाटात. 'मग उपयोग काय?' असं मामेभावाने विचारलंच.

'उपयोग हा,' मामी म्हणाली, 'की कुलूप कशासाठी लावलंय ते मला माहितीय.'