आमदारसाहेब, आपण 'होय' म्हणालात की 'नाही'?



काट्यावर उसाच्या वजनात दहा किलोचा फरक पडला तरी आपण गव्हाणीपाशी भांडत उभे राहतो. पहिली उचल, दुसरा हप्ता, खोडव्याचे टनेज, सगळे बोटांवर असते. पण ज्यांना पाच वर्षांसाठी मुंबईला पाठवले, त्यांनी आपल्या पाण्यावर, विजेवर आणि गावच्या कारभारावर मत काय दिले, हे कोण सांगेल? मला तरी सांगता येत नाही. यात आपला आळस आहे, नाही कशाला म्हणू! पण खरी गोष्ट अशी की बहुतेक वेळा ते मत कुठे लिहिलेलेच नसते.

विधानसभेत विधेयक मताला टाकले की अध्यक्ष विचारतात, बाजूने असतील त्यांनी 'होय' म्हणावे, विरोधात असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. कानाला जो आवाज मोठा, तो निकाल. कुणी सदस्याने मतविभागणी मागितली तरच डोकी मोजायची, आणि ती मागणी क्वचितच होते. भाषणे छापून ठेवतात. आवाजी मतदानात कोण कुठल्या बाजूला होता, ते छापायला काही उरतच नाही.

आता पाण्याचेच बघा. २००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. शेतीला किती, पिण्याला किती, कारखानदारीला किती, ही वाटणी प्राधिकरणाने करावी असे त्यात ठरले. त्याच कायद्यात आपल्यासाठी एक कलम आहे : शासन ज्या भागासाठी जाहीर करील तिथे ठिबक किंवा तुषार सिंचन नसेल तर उसासारख्या बारमाही पिकाला कालव्याचे पाणी नाही. ते कलम आपल्याला लगेच पाठ झाले, कारण ते अंगावर आले. पण प्राधिकरण असतानाही मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीमार्फत धरणांचे पाणी उद्योगांना आणि औष्णिक वीज प्रकल्पांना दिले जात राहिले. अमरावती जिल्ह्यात ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी नांदगाव पेठच्या वीज प्रकल्पाला द्यायचे ठरले, तेव्हा तिथले शेतकरी रस्त्यावर आले, प्रकरण कोर्टात गेले. आणि २०११ मध्ये विधिमंडळाने कायदाच दुरुस्त केला. वाटणीचा अधिकार प्राधिकरणाकडून मंत्रिमंडळाकडे गेला आणि आधी झालेल्या वाटपाला कायद्याचे कवच मिळाले.

वीज, पाणी आणि लोकांचा दाद मागण्याचा हक्क, तिन्ही गोष्टी त्या एका दुरुस्तीत होत्या. विजेची गरज मला मान्य आहे. रात्री दोन वाजता मोटार चालू करायला मीही बॅटरी घेऊन जातो. धरण विदर्भातले असले तरी दुरुस्ती साऱ्या महाराष्ट्राला लागू झाली, तुमच्या आमच्या चारीलासुद्धा. त्या दिवशी आपले आमदार सभागृहात होते का? असले तर काय म्हणाले?

खुर्चीचा प्रश्न आला म्हणजे मात्र मोजणी बिनचूक होते. ३० नोव्हेंबर २०१९ ला विश्वासदर्शक ठरावावर १६९ विरुद्ध शून्य, ४ जुलै २०२२ ला १६४ विरुद्ध ९९. एकेक डोके मोजले. (१२ नोव्हेंबर २०१४ ला तोही ठराव आवाजी मतदानाने झाला, आणि केवढा गदारोळ उठला!)

सरपंचाचेही तसेच. थेट जनतेतून निवड २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. शेवटचे दोन्ही निर्णय २०१९ ला निवडून आलेल्या त्याच सभागृहाने घेतले. सरकार बदलले तसा कायदा बदलला. दोन्ही वेळा 'होय' म्हणणारे किती, हे शोधायला गेलो तर हाती काय लागणार?

आमदार म्हणतील, पक्षाचा व्हीप असतो, १९८५ च्या पक्षांतरबंदीपासून आमचे हात बांधलेले आहेत. खरे आहे. पण बांधलेल्या हाताने कुठे मत दिले, एवढे तरी सांगता येईल की नाही? अमेरिकेत मतदारांच्या संघटना पन्नासहून अधिक वर्षे पर्यावरणाच्या प्रश्नांवर लोकप्रतिनिधींची मते नावानिशी तक्त्यात छापतात. तिथे मत नोंदलेले असते म्हणून तक्ता होतो.

हे लिहिताना मला आपलीच वार्षिक सभा आठवते. अहवाल वाचून व्हायच्या आत मागच्या खुर्च्यांतून 'मंजूर, मंजूर' सुरू होते आणि मंडळी जेवणाच्या मंडपाकडे सरकू लागतात. मीही ओरडलेलो आहे. जे आपण मंडपात करतो तेच मुंबईला चालले, तर तक्रार कुठल्या तोंडाने करायची, असे कुणी विचारील. विचारू दे.

तेव्हा येत्या सभेत, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळच्या विषयांत, मी एक ठराव मांडणार आहे. पाणी, वीज, सहकार आणि पंचायतीवरच्या प्रत्येक विधेयकावर आपल्या भागातील आमदारांनी आपले मत कारखान्यास लेखी कळवावे आणि ते याच पत्रकात छापावे, अशी विनंती करणारा. सूचक मी आहे, अनुमोदक पाहिजे. आणि तो ठराव मताला टाकताना 'मंजूर' म्हणून न सोडता हात वर करून मोजावा, विरोधातले हातसुद्धा, एवढी माझी अध्यक्षांना आगाऊ विनंती आहे.

— एक ऊस उत्पादक सभासद