पर्णपुच्छ पाल

पाल दिसतांच केरसुणी उचलणाऱ्या आमच्या वाचकांस आम्ही आज मादागास्कर बेटाच्या पूर्वेकडील पर्जन्यवनांतील एका पालीची ओळख करून देतों. १८८८ सालीं बूलांजे या प्राणिशास्त्रज्ञानें तिचें वर्णन केलें. तिची शेपटी म्हणजे किडीनें कुरतडलेलें वाळकें पानच! दिवसां ती पाचोळ्यासारखी निश्चल असते, रात्रीं किडे टिपते. पापण्या नसल्यामुळें डोळे जिभेनें पुसते. हें सोंग भक्षकांस चकवितें. परंतु शेतीसाठीं रान जाळणारा अग्नि सोंग ओळखीत नाहीं. शौकिनांसाठीं तिला पकडून विकणारेहि आहेतच. २००४ सालीं बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत तिच्या सबंध वंशाचा व्यापार नियंत्रणाखालीं आणण्याचें ठरलें. तथापि वृक्षच न उरल्यास पर्णाचें सोंग घ्यावें कोठें? त्या बेटाबाहेर तिला दुसरें घर नाहीं.