भाषण भावाचे, भाकरी बहिणीची

गेल्या ३ जानेवारीला आमच्या वस्तीतल्या विहारात सावित्रीमाईंची जयंती झाली. सातवीतल्या एका मुलाने असे भाषण केले की म्हाताऱ्या बायाही टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. बक्षीस घेऊन तो खाली उतरला तेव्हा आम्ही विचारले, "तुझी ताई नाही का रे आली?" तो सहज म्हणाला, "ती घरी आहे दादा. आई कामाला गेलीय. भाकरी कोण करणार?"

ही ताई नववीत आहे. तिची आई पहाटे साडेसहाला धुणीभांडी करायला चार घरी जाते. दिवाळीपासून ही मुलगी आमच्या रविवारच्या वर्गाला आलेली नाही. भावाने मात्र एकही रविवार चुकवलेला नाही.

यात त्या पोराचा दोष नाही. त्याचे भाषण आम्हीच लिहून दिले होते. सावित्रीमाईंनी शेण-दगड झेलले हे आम्ही त्याच्याकडून पाठ करून घेतले, पण पीठ कसे मळायचे हे त्याला कधी शिकवले नाही. दोष आमचा आहे, आणि म्हणून हा लेख आधी आमच्यासाठी आहे, मग तुमच्यासाठी.

आमचे म्हणणे सरळ आहे. मुलांच्या ताटात काय पडते आणि ते ताट कोण रांधते, हे दोन्ही प्रश्न चळवळीचे आहेत. "तो बायकांचा विषय" म्हणून ते बाजूला सारणाऱ्याने समतेवर बोलू नये.

आधी ताटाचे बोलू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे, ३६ मुलांचे वजन कमी आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये शंभरात जवळजवळ ६९ जणांना रक्तक्षय आहे. हे आकडे सगळ्या महाराष्ट्राचे आहेत. आपल्या वस्त्या, पाडे, ऊसतोडीचे तळ यांच्या वाट्याला त्यातले काय येत असेल, हे सांगायला वेगळ्या तज्ज्ञाची गरज नाही.

एका रविवारी आम्ही वर्गातल्या मुलांना विचारले, सकाळी काय खाल्ले? बहुतेकांचे उत्तर एकच: चहा आणि खारी. काहींनी नुसता चहा घेतला होता. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात पाच रुपयांचे चटकदार पाकीट होते. हे पाकीट आपल्या वस्तीत पाण्याच्या नळाआधी पोचलेले आहे. त्यात मीठ, तेल आणि मैदा-मक्याचे पीठ. पोट भरल्यासारखे वाटते, अंगाला काही लागत नाही. त्याच पाच रुपयांत मूठभर शेंगदाणे येतात. मग आई पाकीट का देते? कारण तिला कामावर पोचायचे असते, पोर रडत असते आणि पाकिटाला रांधावे लागत नाही. तिला शहाणपण शिकवायला जाणाऱ्याने आधी तिचे घड्याळ पाहावे.

बुद्धाच्या चरित्रातला सुजाताचा प्रसंग आपण सारे जाणतो. सिद्धार्थाने उपास करून देह झिजवला, हाडे मोजता येतील इतका झिजवला, आणि त्याला कळले की अशा देहातून ज्ञान मिळत नाही. मग त्याने सुजाताने दिलेले अन्न घेतले. बोधीच्या आधी अन्न आले. ज्या मुलाच्या रक्तात लोह नाही त्याच्यापुढे आपण 'शिका' हा शब्द कितीही मोठ्याने उच्चारला तरी दुसऱ्या तासाला त्याचे डोके बाकावर टेकणारच. आणि गुरुजी म्हणणार, "ह्या लोकांना अभ्यासाची आवडच नाही."

आता 'चांगला आहार' म्हणजे काय, हे कोण ठरवते ते पाहू. आमच्या एका कार्यकर्त्याच्या मुलीच्या इंग्रजी शाळेने सूचना काढली: डब्यात अंडी, मासे, मटण आणू नये, पौष्टिक आणि सात्त्विक आहार आणावा. मुलीने घरी येऊन विचारले, "बाबा, आपलं जेवण घाण असतं का?" सहा वर्षांच्या पोरीला लाज शिकवायला त्या शाळेला एक कागद पुरला.

सुकट आणि जवळा स्वस्त, त्यात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर. कलेजीत लोह. वजडी, पाया, ज्वारी-बाजरीची भाकरी, अंबाडी, तांदुळजा, घोळाची भाजी, हुलग्याचे माडगे. आपल्या आज्यांनी मिळेल त्यातून लेकरे जगवली ती याच अन्नावर. आम्ही ताजे मांस हक्काने खात होतो असे म्हणत नाही. हलाखीने पदरात टाकलेलेही त्यात होते, आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडा हे बाबासाहेबांनी स्वाभिमानासाठीच सांगितले. पण त्या अन्नामागची अक्कल आपली होती. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांचे हे खाणे नोंदवून ठेवले आहे. एरवी मराठी पाकपुस्तकांच्या कपाटात आपले ताट शोधून पाहा, सापडत नाही.

सरकारही याच सात्त्विकतेपुढे वाकते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले. जो खात नाही त्याला केळे, म्हणजे सक्ती कुणावरच नव्हती. तरी विरोध झाला. २०२५ च्या जानेवारीत सरकारने अंड्यासाठीचा निधी बंद केला आणि शाळांनी हवे तर लोकवर्गणीतून अंडी द्यावीत असे सांगून हात झटकले. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. आठवड्याचे ते एक अंडे ज्यांना खुपले, त्यांच्या स्वतःच्या मुलांचे जेवण शाळेच्या खिचडीवर अवलंबून नाही, हे लक्षात ठेवा.

आपल्यातलेही काही जण हल्ली म्हणतात, "आपण बौद्ध, आपल्याला मांस चालत नाही." त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा वाचावा. गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या हौसेने मारणे यात बाबासाहेबांनी तिथे स्पष्ट भेद केला आहे. ज्याला शाकाहार करायचा त्याने आनंदाने करावा. पण मुलाच्या ताटातले अंडे धम्माच्या नावाने काढून घेऊ नये.

आता स्वयंपाकघरात जाऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात आढळले की घरकाम करणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते. पुरुष ९७ मिनिटे, आणि तेही जे करतात ते. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६ आहेत, स्त्रिया ८१. ही मोजणी सहा वर्षांच्या मुलांपासून सुरू होते. म्हणजे सहाव्या वर्षापासून आपण मुलीच्या हातात झाडू देतो आणि मुलाच्या हातात बॅट.

आम्ही कार्यकर्ते याला अपवाद आहोत का? मनुस्मृतीवर रात्री अकरापर्यंत बैठक चालते आणि आतल्या खोलीकडे आवाज जातो, "अगं, चार कप चहा टाक." १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की स्त्रीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, दासी म्हणून नव्हे. त्याला ऐंशी वर्षे उलटून गेली. चहा अजून तीच टाकते आहे.

आणि एक गोष्ट विसरू नका. या देशात रांधणारा हात कुणाचा, हा जातीचा प्रश्न आहे. २० मार्च १९२७ ला महाडला आपण ओंजळभर पाण्यासाठी मार खाल्ला. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले की शाळेतल्या आहाराच्या स्वयंपाकी-मदतनीसांच्या नेमणुकीत अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या. तरी २०२१ च्या डिसेंबरमध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले. बाहेरचा समाज आपला रांधणारा हात विटाळाचा मानतो, आणि घरात आपण पुरुष तोच हात हलका मानतो. मनूला याहून जास्त काय हवे?

यावर आम्हाला दोन आक्षेप हमखास ऐकू येतात.

पहिला: "आमच्या बापजाद्यांनी राबराब राबून घेतलं. आता पोरांनी पुस्तक धरायचं की पोळपाट?" हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही, तो जखमेतून आला आहे. पण नीट पाहा, पोळपाट कुणाच्या हातात आहे? मुलीच्या हातात तो आहेच. तिचे पुस्तक केव्हाच बाजूला पडले आहे. एकटीच्या डोक्यावर घातलेला स्वयंपाक म्हणजे राबवणूक. तोच चौघांत वाटला की रोजची पाऊण तासाची सवय होते. मुलाने कुकर लावला तर त्याचा अभ्यास बुडत नाही, आणि बहिणीचा वाचतो. उद्या तो शिकायला पुण्या-मुंबईला खोली करून राहील तेव्हा वडापाववर दिवस काढणार नाही, हा नफा वेगळा.

दुसरा: "गरिबाला कुठलं आलंय पौष्टिक?" बरोबर आहे, म्हणून अंड्याचा निधी परत मागायचा, रेशनवर डाळ मागायची, अंगणवाडीचा हिशेब मागायचा. ती लढाई सुटत नाही. पण तोवर मटकीला मोड आणायला, भाजीवर लिंबू पिळायला आणि जेवणासोबतचा चहा बंद करायला सरकारी आदेश लागत नाही. लिंबाने अन्नातले लोह अंगी लागते, चहाने ते अडते. एवढे दहा वर्षांच्या पोराला समजते.

मग करायचे काय? आम्ही आमच्या वर्गात सुरू केले ते सांगतो. पाच-सहा वर्षांची मुले शेंगा फोडतात, पालेभाजी निवडतात. आठ-नऊची कडधान्य भिजवतात, कोशिंबीर करतात, सगळ्यांना वाढतात. बारा वर्षांपुढची मोठ्यांच्या देखरेखीखाली वरण-भात लावतात, अंडी उकडतात, भाकरी थापायला शिकतात. विस्तव आणि विळीजवळ मोठे माणूस असलेच पाहिजे, यात तडजोड नाही. जेवल्यावर ताट ज्याचे त्याने घासायचे, पाहुण्या वक्त्यानेसुद्धा. निवडलेली, शिजवलेली भाजी मूल नाक न मुरडता खाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. स्वतःच्या हातचे कुणी टाकून देत नाही.

येत्या १४ एप्रिलला तुमच्या मंडळाने एवढे करावे. डीजेचा एक तास कमी करून ते पैसे वर्षभराच्या रविवारच्या अंड्या-शेंगदाण्यांसाठी बाजूला ठेवावेत, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक पुरुषांनी आणि मुलग्यांनी करावा. बायांनी समोर बसून भाषण ऐकावे. आणि करावेसुद्धा.

त्या मुलाच्या आईशी आम्ही बोललो. ती आधी हसली. "पोराला चुलीपुढं बसवलं तर गल्ली नावं ठेवील, दादा." आम्ही म्हणालो, "ताई, सावित्रीमाईंना पुण्याने नावंच ठेवली होती." ती काही बोलली नाही.

गेल्या रविवारी मुलगा वर्गाला उशिरा आला. हाताला पीठ होते, भाकरी म्हणे नकाशासारखी झाली होती. त्याची ताई मात्र वेळेवर आली होती, पहिल्या रांगेत बसली होती.

जय भीम!