पोते उचलणाऱ्याला कायदा, वाहणाऱ्याला मात्र बाजार

एक-दोन मालमोटारींच्या बळावर पोट भरणाऱ्या मालक-चालकांना एक उपदेश वारंवार ऐकवला जातो: 'चांगले भाडे शोधायला शिका. हंगाम ओळखा, परतीचा माल आधी ठरवा, दलाल टाळा, मोबाइलवर भाव पाहा.' उपदेश शहाणपणाचा वाटतो. पण चालक अडाणी आहे म्हणून त्याला भाडे कमी मिळते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. हे गृहीतकच खोटे आहे आणि ते खोडून काढणे आपल्या चळवळीचे काम आहे.

मंठ्याचे उदाहरण घ्या. गावाला रेल्वे नाही. जवळचे स्थानक परतूर. तालुक्यातला कापूस, सोयाबीन, तूर बाहेर जाते ती मुख्यतः मालमोटारीनेच. हंगाम सरला की गाडीवाला जालन्याकडे वळतो. तेथे सळयांचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. मालाला तोटा नाही. परंतु मोठा कारखानदार एकट्या गाडीवाल्याशी सहसा बोलत नाही. तो करार करतो वाहतूक कंपनीशी. कंपनी दलालाला सांगते. दलाल कमिशन कापून उरलेले भाडे गाडीवाल्यापुढे ठेवतो. सोयाबीनचा भाव बाजार समितीत उघड लिलावाने ठरतो. तेच सोयाबीन वाहून नेण्याचा भाव मात्र कानात सांगितला जातो. आगाऊ रक्कम डिझेल आणि टोलमध्ये संपते. बाकी मिळते ती पोच पावती आणून दिल्यावर, आणि तीही देणाऱ्याच्या मर्जीने.

वाहतुकीची सेवा साठवून ठेवता येत नाही. आजचा रिकामा दिवस उद्या विकता येत नाही आणि कर्जाचा हप्ता तर थांबत नाही. म्हणून डिझेलचा खर्च निघाला तरी गाडीवाला परतीचे भाडे पत्करतो. प्रत्येकाने असे केले की तोच बाजारभाव होतो. मोबाइलवर सर्वांना तो भाव दिसला म्हणून काय बदलणार? उलट एका मालामागे दहा गाड्या धावणार. उणीव माहितीची नाही, सौदाशक्तीची आहे.

सरकारने या दुबळेपणात भरच घातली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त केले. भाडे मात्र त्या दरांशी बांधले नाही. जुलै २०१८ मध्ये अवजड वाहनांची भारक्षमता वाढवली. तेवढाच माल कमी गाड्यांत मावू लागला. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. वेळ वाचला तो माल पाठवणाऱ्याचा, टोल भरायचा गाडीवाल्याने.

'पण तो तर मालक आहे, कामगार कुठे?' असा प्रश्न काही साथीही विचारतात. ज्याची गाडी वित्तसंस्थेकडे गहाण आहे आणि ज्याच्या श्रमाचा भाव दुसरा ठरवतो, त्याला मालक म्हणणे ही थट्टा आहे. हमाल तरी एका मालकाचा नोकर कुठे होता? तरीही महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, नोंदणी करून घेतली आणि मजुरी मंडळामार्फत देण्याची व्यवस्था उभारली. पोते उचलणाऱ्याला जो न्याय मिळाला, तो पोते वाहणाऱ्याला का नाही?

कायद्याची अडचणही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ६७ राज्य सरकारला मालभाड्याचे किमान व कमाल दर ठरवण्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार देते. मे २०१८ मध्ये ब्राझीलच्या मालमोटारचालकांनी देश ठप्प केला. त्याच वर्षी तेथे किमान मालभाड्याचा कायदा झाला. जे तेथे शक्य झाले ते येथे अशक्य नाही.

यावर आक्षेप येईल तो पंजाबचा. तेथील ट्रक युनियनांवर मक्तेदारीचा आणि दांडगाईचा आरोप होता आणि २०१७ मध्ये सरकारने त्यांना आळा घातला. आक्षेप निराधार नाही. म्हणूनच मागणी खासगी टोळीची नसून सार्वजनिक मंडळाची हवी: खुली नोंदणी, क्रमवारीने माल, डिझेलच्या दराशी जोडलेले किमान भाडे आणि ठरलेल्या मुदतीत बाकीची रक्कम. हिशेब सर्वांना पाहता यावा.

ही मागणी मुंबईतून येणार नाही. मंठ्याच्या कार्यकर्त्यांनी प्रथम गाडीवाल्यांची यादी करावी, प्रत्येक खेपेचे भाडे, कमिशन, डिझेल, टोल आणि थकबाकी वहीत मांडावी आणि ती वही घेऊन तहसील कचेरीवर जावे. चांगले भाडे एकट्याने शोधून मिळत नसते. ते संघटित होऊन ठरवून घ्यावे लागते.