दोन्ही हात भरलेले असतात तेव्हा...

घरात नवं काही करायचं ठरलं, की स्वयंपाकघराच्या ओट्याबद्दल बाईला विचारतात. ओटा किती उंच हवा, कडप्पा हवा की ग्रॅनाइट, ट्रॉल्या किती! बास, तिथं आपला अधिकार संपला. जिन्याबद्दल मात्र मला कुणी विचारलं नव्हतं. मीच मध्ये तोंड घातलं, म्हणून हा लेख.

आमचं घर जुनं, वाड्याच्या धाटणीचं. मातीच्या जाड भिंती, कडीपाटाचं छत, आणि माडीवर जायला सागवानी जिना. वर तोंडाशी फळ्यांची झडप. पूर्वी रात्री चोराचिलटाच्या भीतीनं ती लावून घेत. अकरा पायऱ्यांत नऊ फूट चढायचं, म्हणजे एकेक पायरी जवळजवळ दहा इंच उंच! पाऊल ठेवायला जागा जेमतेम सात इंच. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, आणि कठडा म्हणाल तर धरायला एक दोर. पाहुणे यायचे, ‘काय सुंदर जिना!’ म्हणून फोटो काढायचे. त्यांना काय, एकदाच चढायचं असायचं.

२०२२ च्या मे महिन्यात माडीपुढच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या. अचानक वळीव आला. सासूबाई धावत वर गेल्या, दोन ताटं भरून उतरायला लागल्या आणि तिसऱ्या पायरीवर निऱ्यांत पाय अडकला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, वॉकर, पाच महिने मागच्या खोलीत. त्या मात्र दवाखान्यातही विचारत होत्या, ‘कुरडया भिजल्या का गं?’

त्यांच्या उशाशी बसून विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. आमच्या घरातले पुरुष जिना चढतात ते मोकळ्या हातांनी. फार तर मोबाईल असतो. आम्ही चढतो तेव्हा हातात वाळवणाचं ताट, धुण्याची बादली, कडेवर मूल, पाहुण्यांच्या गाद्या. दोर धरायला हात कुठून आणायचा? साडी सावरायची कशानं? आणि वरून उतरताना ताटापुढे पायरीच दिसत नाही, सवयीनं पाय टाकायचा.

बचत गटाच्या बैठकीत मी सहज विषय काढला, ‘जिन्यावरून कोण कोण पडलंय?’ बहुतेक हात वर! एकीच्या भाड्याच्या खोलीला बाहेरून लोखंडी गोल जिना, पावसाळ्यात शेवाळ धरतो. एकीला बाळंतपणानंतर वरच्या मजल्यावरून महिनाभर खाली येता आलं नव्हतं. आणि गंमत बघा, यातल्या एकीनंही ही गोष्ट घरात तक्रार म्हणून सांगितली नव्हती. ‘माझंच लक्ष नव्हतं,’ असं प्रत्येकीचं म्हणणं.

जिना बदलायचा म्हटल्यावर आधी ‘ह्यांचा’ नकार. पणजोबांचं सागवान, इतकी वर्षं सगळे चढले की! मग मिस्त्री आले. ते माप घ्यायला लागले तशी मी पुढे झाले, तर म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही चहाचं बघा, आम्ही करतो बरोबर.’ चहा केला, पण परत येऊन उभी राहिले.

राहत्या घराच्या जिन्याला आपल्या देशाच्या राष्ट्रीय इमारत संहितेत मापं दिलेली आहेत. पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच. पाऊल ठेवायची रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर, म्हणजे दहा इंच. शिवाय सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. एक जरी कमीजास्त झाली तरी पाय फसतो, कारण दोन-तीन पायऱ्यांनंतर आपण बघत नाही, पायच मोजतो.

पण पायऱ्या वाढल्या की जिना लांबतो, आणि खरं भांडण तिथंच होतं. जिना वळवून घेतला तरी बैठकीच्या खोलीचा कोपरा आणि दोन भिंतींलगतची तीन-तीन फुटांची पट्टी जाणार होती. म्हणजे शोकेस जाणार, सोफा सरकणार! भाऊजींनी तर ‘चार लोक येतात तिथं जिना?’ म्हणून महिनाभर अबोला धरला. मी म्हटलं, चार लोक महिन्यातून दोनदा येतात, मी दिवसातून वीसदा चढते. शेवटी माझ्या भिशीचे पैसे पुढे केले तेव्हा गाडी हलली. (पैसे पुढे केल्याशिवाय आपलं बोलणं ऐकू का येत नाही, हा वेगळाच विषय आहे.)

मातीच्या भिंतींवर काँक्रीटचा भार नको, म्हणून लोखंडी सांगाडा आणि त्यावर लाकडी फळ्या ठरल्या. जुनं सागवान तासून त्यातच वापरलं, त्यामुळे ह्यांचे पणजोबाही राहिले. गुळगुळीत पॉलिश नको म्हणून मी हट्ट धरला. प्रत्येक पायरीच्या कडेला खाचा पाडून घेतल्या. दोन्ही बाजूंना मुठीत मावेल असा कठडा, वर-खाली दिव्याची बटणं. मी हिशेबानं सोळा पायऱ्या काढल्या होत्या, तर चुलत सासरे म्हणाले, ‘विषम हव्यात, सतरा करा.’ माझा वास्तुशास्त्रावर विश्वास नाही, पण सतरा केल्यावर पायरी साडेसहा इंचांपेक्षाही खाली आली. मी लगेच हो म्हटलं!

जिना झाला त्या संध्याकाळी सासूबाई कठडा धरून हळूहळू चढल्या. वळणावरच्या चौकात थांबल्या, दम घेतला. मी वाट बघत होते, आता कौतुक करतील. त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘इथं बसायला एक कट्टा हवा होता. आणि ताट टेकवायला फळी. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं.’

मी गप्पच. मिस्त्रींना फोन लावलाय. सुतार पुढच्या आठवड्यात येतो म्हणालाय, आणि या वेळी माप सासूबाईच सांगणार आहेत.